कुणापैकी?

गेल्या जूनमधली गोष्ट. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली होती म्हणून फाटकाला पाटी लावली होती, ‘खोली भाड्याने देणे आहे. फक्त विद्यार्थ्यांसाठी.’ भर दुपारी एक पोरगा आला. पाठीवर दप्तर, हातात मोठी प्लास्टिकची बॅग, अंगावर घामाने चिकटलेला शर्ट. देगलूरकडच्या खेड्यातला. अकरावी सायन्सला उदगिरात प्रवेश झालेला. मी गाव विचारले, त्याने सांगितले. दहावीचे टक्के विचारले, तेही सांगितले. माझ्या स्वतःच्या पोराला पडले नव्हते इतके होते. वडील काय करतात, शेत किती, भावंडे किती. शेवटी आडनाव. आडनावावरून उलगडा होईना. आमच्या भागात ते आडनाव चार जातींत चालते. मग माझ्या तोंडून निघून गेले, “म्हणजे कुणापैकी म्हणायचं?”

त्याने सांगितले. खाली न बघता सांगितले.

मी म्हणालो, “घरात विचारून सांगतो.” घरात विचारण्यासारखे कुणी नव्हते. पोरगा उठला, बॅग उचलली आणि “बरं, येतो सर,” म्हणून निघाला. तो उठला तो अशा सवयीने, की हे त्याचे त्या दिवसाचे पहिले दार नव्हते हे मला कळले. पाणी विचारायचे राहिले, हे फाटक लागल्यावर ध्यानात आले.

तीस वर्षे मी शाळेत शिकवले. ११ एप्रिलला महात्मा फुल्यांवर आणि तीन दिवसांनी बाबासाहेबांवर भाषण करायला मला बोलावतात. दोन्हीकडे शाल मिळते. ही कबुली आधी देऊन ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल की गुरुजी उंचावर बसून दगड मारतात. उंचावर नाही. त्याच गल्लीत उभा आहे.

‘कुणापैकी’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला फारसा ठाऊक नसेल. आमच्याकडे तो लग्नात, एस.टी.त, दवाखान्याच्या बाकावर, मोंढ्यातल्या आडतीवर रोज ऐकू येतो. त्यात शिवी नाही, उर्मट सूर नाही. उलट पाहुण्याची चौकशी केल्यासारखा गोडवा आहे. एखाद्याला “तुझी जात कोणती” असे तोंडावर विचारायला अजून थोडी लाज वाटते. ‘कुणापैकी’ने ती लाज राखली जाते आणि कामही होते. पुढचा प्रश्न त्याहून गोड असतो, “मग आपल्यातलेच की!” आणि तसे नसेल तर पुढे प्रश्नच नसतो. घरात विचारून सांगायचे असते.

खेड्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. गरजच नसते. कोण कुठल्या आळीतला, हे जन्माआधीपासून सगळ्यांना माहीत. प्रश्न निर्माण होतो शहरात, कारण शहर म्हणजेच अनोळखी माणसे. उदगीर आता शहर आहे. २०११च्या जनगणनेतच वस्ती लाखाच्या वर गेली होती. जळकोट, देवणी, देगलूर, अहमदपूर, पलीकडे बिदर, औरादपर्यंतची माणसे इथे तूर विकायला येतात, पोरे शिकवायला ठेवतात, दवाखान्यात पडतात आणि हळूहळू प्लॉट घेऊन राहतात. चौबाऱ्यात अर्धा तास उभे राहिलात तर मराठी, कानडी, दखनी आणि थोडी तेलुगू कानावर पडते. अनोळखी माणसाशी कसे वागावे, हा अशा गावाचा रोजचा प्रश्न. आणि तो शिकवण्याचा मक्ता आपण धर्माकडे दिला आहे, असे आपण म्हणतो. संस्कार हवेत म्हणून तर देऊळ हवे, मशीद हवी, विहार हवा, मठ हवा. मग या सगळ्यांच्या मधोमध राहून माझ्यासारख्या माणसाला एका सोळा वर्षांच्या पोराला पाणी द्यावेसे वाटले नाही, हे कसे?

आमच्या गावाला धर्माची कमतरता कधीच नव्हती. गावाचे नावच किल्ल्यातल्या उदागीर महाराजांवरून पडले असे म्हणतात. त्यांची समाधी अजून किल्ल्यात आहे, आणि त्याच किल्ल्याच्या भिंतींवर फारसी शिलालेख आहेत. हावगीस्वामींचा मठ आहे. ख्वाजा सद्रुद्दीनांचा दर्गा आहे. निजामाच्या राज्यात आर्य समाजाचा इथे मोठा जोर होता. उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ साली बिदरच्या तुरुंगात मरण पावले आणि त्यांच्या नावाची शाळा आज गावात आहे. ४ सप्टेंबर २०२४ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे येऊन विश्वशांती बुद्ध विहाराचे लोकार्पण करून गेल्या. लाखभर वस्तीच्या एका तालुक्याच्या गावाला एवढे वैभव. आणि यातला प्रत्येक पंथ, आठवून पाहा, अनोळखी माणसाला आत घेण्यासाठीच निघालेला होता.

बसवण्णांचेच घ्या. त्यांचे कल्याण इथून दोन-अडीच तासांच्या वाटेवर. बाराव्या शतकातले ते राजधानीचे शहर. बिज्जळाचा हा मंत्री तिथल्या अनुभवमंटपात चांभार, न्हावी, नावाडी, परीट, गुरे राखणारा, दोर वळणारा अशांना बरोबरीने बसवीत होता. काम हीच पूजा, तिला नाव कायक. आणि कमाईतले दुसऱ्याच्या ताटात घालायचे, त्याला दासोह. हे तत्त्वज्ञान रानातल्या ऋषीचे नव्हे, शहरातल्या कारभाऱ्याचे आहे. बाजारपेठेत जमलेल्या ना नात्याच्या ना गावच्या माणसांना एका पंगतीला कसे बसवावे, याचा विचार त्यात आहे. आलेला माणूस कुणाचा, असे विचारण्यावरच त्यांचे एक वचन आहे. आमच्या भागातल्या लिंगायत घरांत ते पोरांना पाठ असते. मी ते इथे देत नाही, कारण पाठ असण्याने काय होते ते आपण पाहतोच आहोत.

शरणसाहित्य सांगते की मधुवरस हा ब्राह्मण आणि हरळय्या हा चर्मकार, दोघे शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, यांच्या मुलामुलीचे लग्न ठरले. त्यावर बिज्जळाने दोघा बापांना देहदंड दिला, कल्याणात रक्त सांडले आणि शरण दाही दिशांना पांगले. म्हणजे या धर्माने आपली परीक्षा व्यासपीठावर दिली नाही, सोयरिकीत दिली. आता आजच्या उदगीरच्या एखाद्या लिंगायत वधू-वर मेळाव्याची पुस्तिका उघडा. वाणी, तेली, माळी, गुरव, कोष्टी, जंगम असे रकाने आहेत. रकान्याबाहेरची सोयरीक झाली की मेळाव्याचे संयोजक तिला ‘आंतरजातीय’ म्हणतात. हरळय्याच्या नावाने मोर्चा निघतो, पण हरळय्याच्या घरी मुलगी दिलेले घर शोधायला बॅटरी घेऊन निघावे लागेल. आठशे-साडेआठशे वर्षांत आपण एवढी मजल मारली.

लिंगायतांचेच का सांगतो? घराजवळचे म्हणून. बाकीच्यांचे याहून बरे आहे असे नाही. मुसलमान मोहल्ल्यात बिरादरीचा हिशेब तितकाच पक्का आहे. नमाजेत खांद्याला खांदा लागतो, खरे. निकाहाच्या वेळी कुरेशी कुरेशीत आणि बागवान बागवानात जातो, आणि हुंड्याला ‘जहेज’ म्हटले की तो धर्मात बसतो. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, चार वर्षांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्या दलवाईंचे नाव आज आमच्या गावातल्या किती मुसलमान तरुणांना माहीत आहे, आणि माहीत असलेल्या किती जणांना ते चारचौघांत घेता येते? १९५६ साली ज्यांनी जात टाकली त्या बौद्धांची नातवंडे आणि मातंग एकाच गल्लीत निळे आणि पिवळे असे दोन वेगळे झेंडे लावून बसतात. आर्य समाजाने अस्पृश्यतेवर हत्यार उचलले, मुलींच्या शाळा काढल्या. त्याच आर्य समाजाच्या सत्याग्रहींची नातवंडे माझ्यासारखी. फाटकाला पाटी लावून बसलेली.

आता शहर बदलले ते कसे, हे पाहू. जुन्या उदगिरात गल्ल्या होत्या, आणि गल्ल्या जातीच्या होत्या हे लपवायचे कारण नाही. पण चौबारा सगळ्यांचा होता, आडावर नसले तरी बाजारात एकमेकांशिवाय चालत नव्हते. मोहरमच्या सवारीपुढे हिंदू घरातली बाई घागर ओतत होती आणि तिला त्यात धर्म बुडाल्यासारखे वाटत नव्हते. पलीकडे हुमनाबादजवळ माणिकप्रभूंनी सकलमत संप्रदायच काढला होता. त्यांच्या दरबारी हिंदू-मुसलमान दोघेही जात. मग नव्वदीनंतर बिदर रोड, नळेगाव रोड, देगलूर रोड, निडेबनकडे शेते एन.ए. झाली, प्लॉट पडले, ‘नगरे’ उभी राहिली. कोरी जमीन होती. हजार वर्षांत पहिल्यांदा आपल्याला नवे गाव वसवायची संधी मिळाली होती, जिथे कुठल्या आळीला कुणी राहायचे हे आधी ठरलेले नव्हते. आपण काय केले? प्लॉट विकणाऱ्याने पहिल्या चार गिऱ्हाइकांची आडनावे पाचव्याला सांगितली. पाचव्याने त्यावरून ठरवले. दहा वर्षांत बिनभिंतीच्या वेशी तयार झाल्या. खेड्यात निदान वेस दिसते.

लेआउट मंजूर होताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपण तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतो. ती पोरांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला, झाडे लावायला असते. उदगीर सोडा, मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा आणि नव्या वसाहतीतली ओपन स्पेस दाखवा म्हणा. लोक तुम्हाला देवळाकडे नेतील. आधी एका सकाळी झाडाखाली शेंदूर लावलेला दगड दिसतो. मग पत्र्याचे छप्पर, मग ओटा, मग कळस, मग सभामंडप, मग सभामंडपात आमदार निधीची पाटी. रस्ता नाही, गटार नाही, नळाला पाणी कधी येईल हे पाणी सोडणाऱ्याला ठाऊक. पण कळसाला लायटिंग आहे. रस्त्यावर, बागेत, सार्वजनिक जागेत नवे देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा उभे राहू देऊ नका असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९चा आहे. तो आदेश निघाल्यानंतर आमच्या वसाहतीतले देऊळ बांधले गेले. नगरपालिकेला कळवायची हिंमत कुणी करत नाही, आणि कळवले तर नगरपालिकेतला माणूस विचारतो, “तुम्ही हिंदूच ना?” म्हणजे इथेही प्रश्न तोच.

कुणी म्हणेल, देऊळ झाले तर बिघडले काय, म्हातारी माणसे येऊन बसतात. बसतात, मीही बसतो. गाऱ्हाणे देवाबद्दल नाही. त्या जागेवर शेंदूर लागला, त्या दिवसापासून ती जागा ‘आपली’ झाली, सगळ्यांची राहिली नाही. वसाहतीत जी दोन मुसलमान घरे होती आणि एक ख्रिस्ती शिक्षक होते, त्यांची पोरे तिथे खेळायची बंद झाली. कुणी हाकलले नाही. आरतीच्या वेळी चेंडू लागेल म्हणून सांगितले, एवढेच. पुढे दोन्ही घरे विकली गेली. कुणीही धमकी दिली नाही, एक काचही फुटली नाही, आणि वसाहत ‘शांत’ झाली. अशा वसाहतीत प्लॉटचा भाव वाढतो हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिकडे मुसलमानांना नव्या भागात जागा मिळेना, म्हणून ते एका बाजूला दाटीने वसले. मग आपण त्या भागाला एका शेजारच्या देशाचे नाव ठेवले आणि आपल्याच पोरांना तिकडे जाऊ नको म्हणून बजावले. आधी कोंडायचे आणि मग कोंडल्याबद्दल नावे ठेवायची, हा आपला संस्कार.

आवाजाचे काय सांगावे. कायदा साधा आहे. २०००च्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, दवाखाना-शाळेच्या शंभर मीटरमध्ये त्याहून कमी, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते. आमच्या गावी वर्षभरात जयंत्या, मिरवणुका, उरूस, विसर्जने, स्थापना यांची संख्या इतकी आहे, की सूट नसलेला दिवस कोणता हे पोलिसांनाच विचारावे. माझ्या शेजारी हृदयविकाराचा रुग्ण आहे. डीजेच्या गाड्या आल्या की त्याची सून खिडक्यांना चादरी लावते. एकदा मी गाडीजवळ जाऊन त्या पोरांना म्हणालो, “बाळांनो, थोडा आवाज कमी करा, आत माणूस आजारी आहे.” त्यातला एक माझाच माजी विद्यार्थी. म्हणाला, “सर, मागच्या महिन्यात त्यांनी वाजवलं तवा तुम्ही गेलतात का सांगायला?” गेलो नव्हतो. त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. पण ध्यानात घ्या, त्या पोराचा धर्म आता त्याच्या देवाकडे बघत नाही; शेजारच्या गल्लीकडे बघतो. त्यांची गाडी किती बॉक्सची होती, यावर आपली ठरते.

२२ ते २४ एप्रिल २०२२ असे तीन दिवस आमच्या गावात पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. भारत सासणे अध्यक्ष. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही इथेच. गाव सजले होते, ग्रंथदिंडी निघाली, पुस्तकांच्या गाळ्यांवर गर्दी मावत नव्हती, आम्ही कृतकृत्य झालो. आणि त्याच तीन दिवसांत मुंबईत एका खासदार-आमदार दांपत्याला अटक झाली, हनुमान चालिसा कुणाच्या दारापुढे म्हणायची यावरून. राज्यभर मशिदींवरचे भोंगे आणि त्याच्या दुप्पट आवाजात चालिसा हा विषय तापला होता. संमेलनाच्या मांडवाबाहेर चहा पिताना लोक कुठल्या विषयावर बोलत होते, हे मी ऐकले आहे. कवितेवर नव्हते बोलत.

त्याच्या दोनच महिने आधी याच लातूर जिल्ह्यात, निलंगा तालुक्यातल्या ताडमुगळीत, एका दलित तरुणाने मारुतीच्या देवळात नारळ फोडला म्हणून दलित वस्तीवर बहिष्कार पडला. किराणा बंद, पिठाची गिरणी बंद. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला, २०१७पासून तो लागू आहे, आणि २०२२ साली त्या गावात दळण मिळत नव्हते. त्याआधी २०१८च्या मे महिन्यात खुद्द उदगीर तालुक्यात, रुद्रवाडीत, मातंग समाजाच्या लग्नघरची मंडळी मारुतीच्या देवळाकडे गेल्यावरून वाद पेटला, मारहाण झाली, आणि कुटुंबे गाव सोडून उदगीरच्या आसऱ्याला आली. म्हणजे आपल्याच दाराशी आली होती ती माणसे. संसार घेऊन आली होती. शहराची परीक्षा यापेक्षा थेट काय असते? कुठल्या मठाने, कुठल्या देवस्थानाने, कुठल्या सप्ताह समितीने आपले सभागृह उघडून “या, इथे राहा” म्हटले? मी म्हटले का? माझी खोली तेव्हाही होती.

इतिहासाबद्दल आपल्याला फार प्रेम, म्हणून इतिहासही बोलू. ३ फेब्रुवारी १७६०ला उदगीरच्या मैदानात सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले. या विजयाचा आमच्या गावाला अभिमान, आणि तो असावा. त्या लढाईत मराठ्यांचा तोफखाना ज्याच्या हाती होता तो इब्राहिमखान गारदी. वर्षभराने पानिपतावर तो शत्रूच्या हाती लागला आणि मराठ्यांच्या बाजूने लढल्याची किंमत त्याने जिवाने मोजली. आमच्या पोरांच्या मिरवणुकीतल्या बॅनरवर उदगीरची लढाई असते, भाऊ असतात, घोडे असतात, तोफाही असतात. तोफा डागणारा नसतो.

दुसरे प्रकरण याहून जड आहे आणि ते आम्ही बोलत नाही. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, रझाकारांच्या अत्याचारांच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्या खऱ्या आहेत. आमच्या घरातही एक आहे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील. पण निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत काय झाले ते झेंडावंदनात कधी ऐकले आहे? नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवले. त्यांच्या अंदाजाने निजामाच्या संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बिदर. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होते. तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला. सरकारने दडवला हे समजू शकतो, पण म्हाताऱ्या माणसांनीही दडवला. माझी आजी रझाकारांचे सांगायची तेव्हा आवाज चढवून सांगायची. “आणि मग?” असे विचारले की म्हणायची, “मग काय, शांत झालं.” वसाहत शांत होते तसे.

पापाची कबुली हा धर्माचा जुना विषय. कुठल्याही धर्मात पाहा, आत्मपरीक्षण सांगितलेले आहे. आपण मात्र शेजाऱ्याच्या पापाची यादी ठेवतो आणि स्वतःच्या पापाला इतिहासात जागा देत नाही. दोन्ही बाजू हेच करतात. मग एका लाखाच्या गावात दोन आठवणींची दोन गावे राहतात, आणि एखादी सोशल मीडियावरची पोस्ट आली की बाजारपेठेची शटरे दुपारीच खाली येतात. मोंढ्यातला हमाल त्या दिवशी उपाशी, त्याचा धर्म कुठलाही असो.

गाडगेबाबा १९५६च्या डिसेंबरात गेले. ज्या गावात कीर्तन, त्या गावाची गटारे आधी स्वतः झाडायची आणि जेवायला आयोजकाच्या घरी बसायचे नाही. हातात गाडगे घेऊन भाकर मागायची. देऊळ त्यांनी बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. शहरात आलेल्या परक्या माणसाला रात्री टेकायला जागा हवी, एवढा साधा विचार. मुंबईत परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी, पंढरीत वारकऱ्यांसाठी, नाशकात यात्रेकरूंसाठी. आता आमच्याकडे सप्ताह बसतो. सात दिवसांचे सात कीर्तनकार, प्रत्येकाची बिदागी आधी ठरलेली, येण्याजाण्याला चारचाकी वेगळी. ज्या गावात सप्ताहाचा खर्च दहा लाखांच्या घरात गेला, त्या गावच्या शाळेत मुलींना संडास नाही म्हणून सहावीनंतर पोरी घरी बसतात. हे मी ऐकीव सांगत नाही, मी त्याच शाळेत चार वर्षे होतो. कीर्तनात मोबाइलवर, सुनेच्या कपड्यांवर आणि परधर्मीयांवर बोलणे होते; संडासावर नाही होत.

हे वाचून काही मित्र म्हणतील, गुरुजी नास्तिक झाले. झालो नाही. सकाळी पूजा करतो, आषाढीला जमेल तसे पंढरीला जातो. मला एवढेच कळत नाही, की माणसाला परक्याच्या पुढे नम्र करण्यासाठी जी गोष्ट निघाली, ती परक्याला ओळखून बाजूला काढण्याचे यंत्र कधी झाली. आणि आपण ते यंत्र इतक्या आनंदाने, वर्गणी देऊन देऊन, का चालवतो. यात राजकारण्यांचा हात आहे, असे म्हणून सुटायची आपली जुनी खोड आहे. राजकारणी माझ्या फाटकाशी उभा नव्हता. त्या दुपारी तिथे मी होतो आणि तो पोरगा होता.

त्याला पुढे खोली मिळाली का, याची मी चौकशी केली. मिळाली; गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॉलेजपासून चार कि.मी.वर, ‘त्यांच्यातल्याच’ एका घरी. सायकल नाही, चालत जातो. पावसाळ्यात त्या बाजूला रस्ता राहत नाही, नुसता काळा चिखल असतो. त्या वेळी मी त्याला गाठून माफी मागावी, खोली द्यावी, असे मनात येऊन गेले. मग वाटले, असे केले तर मला एक छान भाषण मिळेल. गेलो नाही. भीतीही वाटली, खरे सांगायचे तर. तो काय म्हणेल याची कमी आणि शेजारी काय म्हणतील याची जास्त.

मागच्या रविवारी आमच्या वसाहतीची बैठक झाली. देवळाच्या सभामंडपाला मागच्या बाजूने शेड वाढवायचे होते. त्यात ओपन स्पेसचा उरलेला तुकडा जातो. तिथे एक कडुनिंब आहे आणि एका बाजूला बंद पडलेला बोअर आहे. आधी बोअर दुरुस्त करा, टाकी बसवा, असे मी म्हणणार होतो. कागदावर तीन मुद्देही लिहून नेले होते. बैठक आरतीनंतर सुरू झाली, प्रसाद वाटून झाला, बोलणाऱ्या पहिल्याच माणसाने “देवाच्या कामाला कुणाचा विरोध असेल असं मला वाटत नाही,” असे म्हटले आणि माझ्याकडे पाहून हसला. कागद खिशातच राहिला. इतिवृत्ताची वही फिरत फिरत माझ्याकडे आली. त्यात लिहिले होते: विषय क्रमांक ३, सभामंडपास शेड करणे, प्रति घर वर्गणी रुपये दोन हजार शंभर, ठराव सर्वानुमते मंजूर. खाली सह्या. माझी सही अकराव्या ओळीत आहे.